शौचकूप : उपकार की हक्क?

काही विषय असे आहेत की, ते चारचौघांत काढावयास मनुष्य लाजतो. आणि ही लाजच पुष्कळदा अन्यायावर पांघरूण घालते. बहिर्दिशेस जाण्याचा विषय त्यांतलाच होय. परंतु ज्या गोष्टीवाचून राजाचा वा रंकाचा एकही दिवस जात नाही, तिच्याविषयी बोलावयास संकोच कसला?

ज्या स्त्रीच्या घरी संडास नाही, तिची स्थिती पाहा. ती पहाटेच्या अंधारात तरी जाते, नाही तर दिवस मावळण्याची वाट पाहते. दिवसा जावे लागू नये म्हणून ती पाणी कमी पिते, आणि त्यापासून तिला दुखणे जडते. पावसाळ्यात विंचूकाट्याचे भय. दुष्ट मनुष्याचे भय तर बारमास. त्यातही ज्याच्या मालकीची गुंठाभर जमीन नाही, त्याने कोणाच्या बांधाआड बसावे? तेथून हाकलले, तर जावे कोठे? अशा मनुष्यास सोय करून दिली, तर तो त्याजवर उपकार झाला, की त्याचे होते तेच त्यास मिळाले?

उपकार हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. आज केला, उद्या न केला, तरी त्यास जाब विचारता येत नाही. हक्काचे तसे नाही. ता. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने, शुद्ध पाणी व स्वच्छतेची सोय हा मनुष्यमात्राचा हक्क आहे, असा ठराव केला. भारत धरून 122 राष्ट्रांनी त्यास संमती दिली, 41 तटस्थ राहिली, विरुद्ध एकही गेले नाही. पुढे 2015 साली स्वच्छतेची सोय हा पाण्याहून निराळा, स्वतंत्र हक्क मानण्यात आला. ही सोय निर्भय असावी, आडोशाची असावी, गरिबास परवडावी व कोणाची जात पाहून नाकारली जाऊ नये, असा त्याचा आशय आहे.

कोणी म्हणेल, "आमचे वाडवडील रानातच जात, त्यांचे काय बिघडले?" बिघडत होते, पण कारण ठाऊक नव्हते. उघड्यावरचा मळ पावसाबरोबर ओढ्याविहिरीत उतरतो, माशीच्या पायांनी भाकरीवर बसतो. पटकी, हगवण व विषमज्वर ही त्याची फळे होत. एका घराची हयगय दहा घरांच्या लेकरांस भोवते. म्हणून हा हक्क असा आहे की, तो कर्तव्यावाचून पुरा होत नाही. अनुवादाच्या 23 व्या अध्यायात इस्राएल लोकांस छावणीविषयी जो नियम लावून दिला आहे, त्यात खणावयाचे साधन ज्याचे त्याने जवळ बाळगावे आणि आपला मळ आपणच झाकावा, असे सांगितले आहे. ते काम दुसऱ्या कोणा कुळाच्या माथी मारलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

येथेच आपल्या देशाची मोठी चूक दिसून येते. आपल्याकडे सोय एकाची आणि घाण दुसऱ्याच्या डोक्यावर, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. 1993 च्या व त्याहून कडक अशा 2013 च्या कायद्याने मनुष्याकडून हाताने मैला काढविणे हा गुन्हा ठरला. तरीही गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मेली. अशा मृताच्या कुटुंबास 10 लाख रुपये द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले, व 2023 साली ती रक्कम 30 लाख केली. पण पैशाने बाप परत येतो काय? ज्या हक्कासाठी दुसऱ्याने आपली अब्रू वा प्राण द्यावा लागतो, तो हक्क नव्हे, ती चोरी होय.

ह्यास उपाय आहे, आणि तो खेड्यासही साधण्याजोगा आहे. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एका वेळी एकच खड्डा चालतो. तो भरला म्हणजे बंद करून वाट दुसऱ्याकडे वळवावी. बंद खड्ड्यातील पाणी जमिनीत मुरते, आणि सुमारे दोन वर्षांत मळाची माती होते. तिला दुर्गंधी नसते, व ती खत म्हणून शेतास उपयोगी पडते. खड्डे मात्र पिण्याच्या विहिरीपासून दूर असावेत. ही माती घरधन्यास स्वतः उपसता येते. ह्यात अडचण आहे ती हाताची नव्हे, मनाची. "हे आपले काम नव्हे," असे जे मन म्हणते, त्याच मनाने एकेकाळी आपल्या पूर्वजांस गावाबाहेर बसविले होते. ते मन आपण आपल्या घरात बाळगावे काय?

1956 साली दिवंगत झालेले गाडगेबाबा गावात आले म्हणजे आधी खराटा घेऊन गाव झाडीत, आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. झाडल्याने ते लहान झाले नाहीत.

तर वाचकहो, ज्यांच्या वस्तीत ही सोय नाही, त्यांनी ग्रामसभेत उभे राहून ती मागावी. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. स्त्रियांनी तेथे बोलावे, व पुरुषांनी त्यांस बोलू द्यावे. आणि ज्यांच्या घरी ती आहे, त्यांनी आपला खड्डा भरेल तेव्हा कोणास हाक मारावयाची, ह्याचा विचार आजच करून ठेवावा.