प्रवेशाचं पत्र आणि पिंगलेची रात्र

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, मार्गशीर्ष लागला की आपल्या वारणा खोऱ्यात घरोघरी श्रीगुरुचरित्राची पोथी चौरंगावर येते. सप्ताह बसतो, सोवळं-ओवळं सांभाळलं जातं, आणि पौर्णिमेला तिन्हीसांजेला दत्तजन्माचा पाळणा हलतो. हे आपल्याला नवं नाही. पण गेल्या काही वर्षांत याच महिन्यात बऱ्याच घरांत आणखी एक गोष्ट सुरू होते. ती म्हणजे वाट बघणं.

पोरगं किंवा पोरगी बी. ई. झालेली असते, बी. एस्सी. झालेली असते. तात्यासाहेब कोरे यांनी इथं कारखान्याबरोबर शिक्षणाचीही सोय केली, त्यामुळं पदवीपर्यंत गावाबाहेर जावं लागत नाही. खरी काळजी पुढच्या शिक्षणाची. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरून द्यावे लागतात आणि उत्तरं यायला फेब्रुवारी, मार्च, कधी एप्रिल उजाडतो. इथंच शिकायचं म्हटलं तरी कॅटची परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी, मग मुलाखतीचं बोलावणं, मग यादी. गेटची परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये, त्यानंतर प्रवेशाच्या फेऱ्या. म्हणजे दत्तजयंतीला सुरू झालेली ही वाट पाडव्यापर्यंत, कधी अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते.

आपल्या वेळी असं नव्हतं. निकाल पेपरात यायचा, एका सकाळी सगळा उलगडा व्हायचा. आता उत्तर मोबाइलवर येतं आणि कधी येईल ते सांगता येत नाही. त्यामुळं घर चोवीस तास दारात उभं असतं. या दारात उभं राहण्याबद्दलच आज दत्तमहाराजांच्या चरणी बसून थोडं बोलू.

अवधूताचा एक गुरू

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतात. हे अवधूत म्हणजे आपले दत्तात्रेयच, अशी आपली श्रद्धा. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी अशी ती यादी आपण कीर्तनात ऐकलेली आहे. त्या यादीत पिंगला नावाची एक गणिका आहे. ती विदेहनगरीत राहत होती. एका संध्याकाळी ती नटूनथटून दारात उभी राहिली. आज कुणीतरी मोठा धनवान येईल आणि भरपूर देईल, ही आशा. रस्त्यानं माणूस आला की वाटायचं, हाच तो. तो पुढं निघून जायचा. मग वाटायचं, पुढचा येईल. ती आत जायची, पुन्हा बाहेर यायची. असं करता करता मध्यरात्र झाली. तोंड सुकलं, झोप गेली.

आणि त्या मध्यरात्री तिच्या मनात प्रकाश पडला. ज्याला दारातनं शोधत होते तो तर आतच बसलेला आहे, कायमचा, आणि मी त्याच्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत राहिले. तिनं ती आशा सोडली, दार लावलं आणि शांत झोपी गेली. अवधूत म्हणतात, मी हिच्याकडनं शिकलो.

आता इथं नीट लक्ष द्या. पिंगला हताश झाली नाही. हताश झालेल्या माणसाला झोप लागत नाही. कुणी एकजण रस्त्यानं येईल तेव्हाच मी सुखी होईन, ही अट तिनं काढून टाकली. अट गेली आणि झोप आली.

दारात कोण उभं आहे?

आपल्या घरात बघू. पोरगं रात्री दोन वाजता उठून मोबाइल बघतं, कारण तिकडं तेव्हा दिवस असतो. ते आत-बाहेर करतं, हे खरं. पण खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त वेळ दारात आपण उभे असतो. सकाळी चहाला, "आलं का रे काही?" दुपारी जेवताना, "अजून काहीच नाही?" संध्याकाळी देवळातनं आल्यावर, "अमक्याच्या नातवाला म्हणे दोन ठिकाणचं आलं." आपण हे मायेनं विचारतो. पण पोराच्या कानाला ते वसुलीच्या नोटिशीसारखं लागतं. त्याच्याजवळ उत्तर नसतं आणि आपण त्याला दिवसातनं तीनदा "नाही" म्हणायला लावतो.

त्यात पैशाची गोष्ट असते. शैक्षणिक कर्जासाठी घराचे कागद काढून ठेवलेले असतात, उसाचं बिल राखून ठेवलेलं असतं. हे पोराला ठाऊक असतं. पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं तर त्याच्या डोक्यावर दोन ओझी होतात, एक निकालाचं आणि एक आपलं.

बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेलं, त्यामुळं उदाहरण तिथलंच सुचतं. पूर्वी बाहेरगावचा चेक वसुलीला पाठवला की रक्कम जमा व्हायला दिवस लागायचे. खातेदार रोज यायचे, "साहेब, जमा झाला का?" रोज येण्यानं चेक एक तासही लवकर वटत नसे. त्या चेकच्या बाबतीत बँकेचे दोन नियम होते. पहिला, न वटलेल्या रकमेवर पैसे उचलू द्यायचे नाहीत. दुसरा, न वटलेला चेक परत आला असं समजून नोंद करायची नाही. प्रवेशाच्या अर्जालाही हेच दोन नियम लावावेत. उत्तर येण्याआधी पेढे सांगून ठेवू नयेत, आणि उत्तर येण्याआधी रडायलाही बसू नये. अहो, कर्जाचा हप्ता थकला तरी नव्वद दिवस उलटल्याशिवाय बँक ते खातं अनुत्पादक धरत नाही. आपण आपल्या लेकराला चार आठवड्यांत बुडीत खात्यात टाकतो, हा कुठला न्याय?

नवस आणि मुदत

काही माउल्या विचारतात, प्रवेशासाठी पारायण करावं का? जरूर करावं. पण पारायणाला मुदत बांधू नये. "महाराज, पंधरा मार्चपर्यंत पत्र आलं तर वाडीला अभिषेक घालीन" हा करार झाला, भक्ती नव्हे. त्यात धोका असा की पत्र आलं नाही तर पोराचा प्रवेशही जातो आणि आपली श्रद्धाही डळमळते. मागायचंच तर असं मागावं: महाराज, उत्तर काहीही येवो, ते पेलायची ताकद या घराला द्या. या मागण्याला "नाही" असं उत्तर कधी येत नाही.

कोल्हापुरातनं गेलेलं एक पत्र

परदेशी शिक्षणाच्या उत्तराची वाट आपल्या कोल्हापूरनं फार पूर्वी पाहिलेली आहे. गोपाळराव जोशी टपाल खात्यात कोल्हापुरात नोकरीला होते. पत्नीला शिकवायचं हे त्यांचं वेड. त्यांनी इथून अमेरिकेतल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. हे वाइल्डर आधी कोल्हापुरात राहून गेलेले. त्यांचं उत्तर मनासारखं आलं नाही, कारण त्यात धर्मांतराची अपेक्षा होती आणि जोशी दांपत्याला ती मान्य नव्हती. पण तो पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी दातांच्या डॉक्टरकडं थांबलेलं असताना तो अंक सहज चाळला, आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ज्या दाराकडं डोळे लावले होते तिथून काही आलं नाही, आणि ज्याची कल्पनाही नव्हती अशा दारातनं मावशी आली.

पुढची तीन वर्षं आनंदीबाई थांबल्या, पण शिकत राहिल्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा हातात प्रवेशाचं पत्र नव्हतं. अमेरिकेत पोचल्यावर अर्ज केला, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयानं त्यांना घेतलं. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या आपल्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांना देऊ केलं गेलं. पण क्षयानं गाठलं, आणि रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा देह पडला. वय अवघं एकवीस.

हे मुद्दाम सांगितलं. पत्र आलं म्हणजे सगळं मिळालं असं नसतं आणि पत्र आलं नाही म्हणजे सगळं गेलं असंही नसतं. आनंदीबाईंनी कामावर रुजू व्हायच्या आधीच जगाचा निरोप घेतला, तरी सव्वाशेहून जास्त वर्षं आपण त्यांचं नाव घेतो. ते नाव कुठल्या पत्रामुळं राहिलं नाही. चालत राहण्यामुळं राहिलं.

दुसरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी तेवढी मिळालेली. त्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा साठवला. मार्च १९२० मध्ये आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद झाली, तिला राजर्षी शाहू महाराज स्वतः आले होते. त्याच वर्षी महाराजांची आणि एका मित्राची मदत घेऊन बाबासाहेब लंडनला परत गेले. पुढं रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंधही विद्यापीठानं आधी दुरुस्तीसाठी परत केला होता. तो १९२३ साली मान्य झाला. "नाही" आणि "आत्ता नाही" यांत किती अंतर असतं बघा.

वाळलेल्या काठीला पाणी

मग थांबायचं कसं? याचं उत्तर श्रीगुरुचरित्रात आहे. गाणगापुरात नरहरी नावाचा कुष्ठरोगी ब्राह्मण नृसिंहसरस्वती स्वामींना शरण आला. स्वामींनी औदुंबराचं एक वाळलेलं लाकूड दाखवून सांगितलं, हे संगमावर रोव आणि रोज पाणी घाल. पालवी फुटेल तेव्हा तू शुद्ध होशील. लोक हसले. वाळक्या लाकडाला कधी पानं फुटतात का? नरहरीनं कुणाशी वाद घातला नाही. तो पाणी घालत राहिला. अखेर स्वामी स्वतः तिथं आले, कमंडलूतलं पाणी शिंपडलं, लाकडाला पालवी फुटली आणि नरहरीची काया निर्मळ झाली.

पिंगला आणि नरहरी, दोघंही वाट बघत होते. पिंगलेची नजर रस्त्यावर होती, नरहरीचे हात कामाला होते. पालवी फोडणं त्याच्या हातात नव्हतं, घागर भरणं होतं. त्यानं घागरीपुरतं पाहिलं.

पोरांना हेच सांगावं. अर्ज गेला, ते काम संपलं. आता आजची घागर कोणती? सहामाहीचा अभ्यास आहे, प्रकल्प आहे, एखादी नोकरीची मुलाखत आहे, दुसऱ्या विद्यापीठाचा पर्यायी अर्ज आहे. दिवसातनं एक वेळ ठरवावी, तेव्हाच उत्तर आलं का बघावं. उरलेला वेळ मोबाइल देवघरातल्या दिव्यासारखा एका जागी असू द्यावा. आणि आपण घरच्यांनी ठरवावं की आपणहून विचारायचं नाही. उत्तर आलं की ते लेकरू आधी आपल्यालाच सांगणार आहे.

उत्तर नकाराचं आलं तर? जागा थोड्या आणि अर्ज फार, हे साधं गणित आहे. कधी एखाद्या प्राध्यापकाजवळ त्या वर्षी विद्यार्थी घ्यायला निधीच नसतो. ते पत्र एका जागेचा निर्णय सांगतं, पोराची किंमत सांगत नाही. त्या दिवशी उपदेश करू नये. गरम भाकरी वाढावी आणि शेजारी बसावं. पोरगं बोलेनासं झालं, जेवण-झोप सुटली, "माझ्यात काही दम नाही" असं म्हणायला लागलं, तर मात्र नुसत्या अंगाऱ्यावर राहू नये. डॉक्टरांना दाखवावं. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, तिथं मराठीतही बोलता येतं. मदत मागणं हीसुद्धा शरणागतीच आहे.

शेवटी आपल्या वाडीकडं वळू. आपल्या वारणेचं पाणी हरिपूरला कृष्णेला मिळतं आणि पुढं नृसिंहवाडीला जातं. पावसाळ्यात कृष्णामाई चढते, पाणी गाभाऱ्यात शिरतं, मनोहर पादुकांना स्पर्श करून दक्षिण दारानं बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या स्नानासाठी लोक कुठून कुठून येऊन थांबतात. पण पाणी कधी चढेल हे पुजारीबुवाही सांगू शकत नाहीत. नदीला कुणी हाका मारत नाही. पाणी खाली असलं तरी काकड आरती होते, पाणी चढलं तर उत्सवमूर्ती वर नेऊन पूजा चालूच राहते. पूजा खंडत नाही.

घरातलंही तसंच असावं. पत्र येवो, न येवो, उशिरा येवो. सकाळचा दिवा, दुपारचं जेवण, संध्याकाळची आरती आणि लेकराशी गोड शब्द यांत खंड पडू नये. यंदाच्या दत्तजयंतीला पाळण्याची दोरी ओढताना एवढंच मागू या.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!