धृतराष्ट्राचे आठ दिवस

लढाई सुरू व्हायच्या आधी व्यास हस्तिनापुरात आले आणि धृतराष्ट्राला म्हणाले, हवी असेल तर दृष्टी देतो, डोळ्यांनी बघ काय होतंय ते. धृतराष्ट्र नको म्हणाला. आपल्याच कुळातली माणसं मरताना बघवणार नाहीत, पण ऐकायचं मात्र आहे, आणि काही न गाळता ऐकायचं आहे. मग ती दृष्टी संजयाला मिळाली. भीष्मपर्वाची ही सुरुवात लहानपणी देवळातल्या पोथीत कानावर पडली तेव्हा धृतराष्ट्र मला बिचारा वाटला होता. आता निवृत्तीला टेकल्यावर तो ओळखीचा वाटतो. बघायचं नाही, पण तपशील सगळा हवा, अशी माणसं मी रोज कंपनीच्या बसमध्ये बघतो. मोबाइलवर कुठल्या तरी लढाईच्या बातम्या लावून ती जागेवर बसलेली असतात. त्यांत मीही असतो.

हे आत्ता उकरून काढायचं कारण माझी लेक. सिनेमा आणि माध्यमांच्या पदवीचं तिचं शेवटचं वर्ष आहे. त्यांना एका युद्धपटाची नुसती सुरुवात करून दाखवायची आहे, तीन मिनिटांची. सोबत शॉटलिस्ट, स्टोरीबोर्ड, आणि आधीच्या सिनेमांतून कुठलं तंत्र उचललं, का उचललं, याची टिपणं. चौघांचा गट आहे. विषय निवडला चाकणच्या वेढ्याचा. त्यामागे इतिहासप्रेमापेक्षा रिक्षाभाडं वाचतं हे कारण मोठं असावं, असा मला संशय आहे. आमच्या घरापासून चाकणचा किल्ला, संग्रामदुर्ग, चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

वेढा मात्र खरोखर सिनेमाच्या लायकीचा. १६६० साल. शाहिस्तेखान पुण्याहून निघून जूनच्या २१ तारखेला चाकणला येऊन बसला. किल्ला भुईकोट. ना डोंगर, ना कडा. खंदक आणि तट एवढाच काय तो आधार. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. शिवाजी महाराज तिकडे पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात, त्यामुळे मदत येण्याची आशा नाही. भर पावसाळ्यात फिरंगोजीने जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला. शेवटी मोगलांनी बुरुजापर्यंत भुयार खणत नेलं, दारू ठासली आणि १४ ऑगस्टला बुरुज उडवला. तरी त्या रात्री त्यांना आत शिरता आलं नाही. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. मोगलांकडचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली, आणि तो महाराजांकडे परत गेला. आज नाशिक हायवेवरच्या कंटेनरांच्या रांगेत अडकलेल्या माणसाला बाजाराच्या पलीकडे हे घडलं होतं हे सांगावं लागतं.

पोरांनी पहिल्यांदा अभ्यासाला घेतला तो स्पीलबर्गचा १९९८चा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’. त्यातला किनाऱ्यावरचा हल्ला. माझ्या कामाशी संबंध नसताना मी त्यांच्याबरोबर बसलो आणि अडकलो, कारण प्रश्न मोजमापाचा निघाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे फडफडताना दिसू नयेत म्हणून पोरं सेकंदाला २५ फ्रेम घेतात. नेहमीचं शटर १८० अंशांचं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड मिळतो. हालचाल जराशी पुसट होते आणि डोळ्याला सरळ वाटते. त्या सिनेमात कॅमेरामन यानुश कामिन्स्कीने शटर ४५ आणि ९० अंशांवर आणलं. ४५ अंश म्हणजे आपल्या हिशेबाने सेकंदाचा दोनशेवा भाग. पुसटपणा निघून जातो, उडालेल्या मातीचा कण न कण सुटा दिसतो, माणसं झटके खात पळतात. फोनवर हाताने शटर लावता येणारं ॲप असलं की हे आमच्या चाकणलाही जमतं. पोरांनी किल्ल्याच्या मागे ओल्या मातीत धावून बघितलं. भन्नाट दिसलं.

माझी अडचण तिथेच सुरू झाली. ते भन्नाट दिसलं.

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना शंका होती की खरा युद्धविरोधी सिनेमा निघूच शकत नाही. युद्ध पडद्यावर आलं की ते थरारक होतंच. माझ्या भाषेत सांगायचं तर पडद्यावरचं युद्ध बघणाऱ्याच्या तोंडून एकच प्रश्न काढतं: मग पुढे काय झालं? हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. गोष्ट ऐकणारं लहान मूलही तोच विचारतं. पण माणसं मरत असताना तो विचारणं हे पाप आहे की नाही, यावर मी बरेच दिवस विचार करतोय, आणि माझं मत आहे की कधीकधी ते पापच असतं. कधी, ते पुढे सांगतो.

दुसरा सिनेमा पोरांनी बघितला तो ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’, २०२२चा जर्मन. त्याची सुरुवात मला जास्त लागली. एक सैनिक मरतो. त्याच्या अंगावरचा गणवेश काढतात, ढिगात टाकतात, रक्त धुऊन काढतात, शिवणयंत्रांच्या रांगेत बसलेल्या बाया त्याची भोकं शिवतात, आणि तोच गणवेश नव्या भरतीच्या पोराला मिळतो. आत जुन्या मालकाच्या नावाची पट्टी तशीच. पोरगा म्हणतो, हा दुसऱ्या कुणाचा तरी दिसतोय. गणवेशाच्या या प्रवासात लढाई नाहीच. शिफ्ट आहे. एका टेबलावरचा जॉब पुढच्या टेबलावर सरकतो. माझा जन्म टूलरूममध्ये गेला, पंच आणि डाय घासण्यात, त्यामुळे ते मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. आमच्याकडे मधूनच असं ड्रॉइंग यायचं की त्यावर नाव नसे, नुसता भाग क्रमांक. मापं काटेकोर, टॉलरन्स हजाराव्या भागात, पण हा तुकडा जाऊन कशात बसणार ते माहीत नाही. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये बसला असेल. खडकीला १८६९पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, देहूरोडला आयुधनिर्माणी आणि डेपो आहे; तिकडेही गेला असेल. मी कधी विचारलं नाही. गेटवर आमच्या फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, तसं काहीसं.

लेकीला मी म्हटलं, तुम्ही दोन परदेशी सुरुवाती बघितल्या, घरची एक बघायची राहिली. गीतेचा पहिला अध्याय.

तो नुसता तंत्र म्हणून वाचा. पहिलं वाक्य आंधळ्याचं. म्हणजे पडदा काळा, फक्त आवाज. मग दुर्योधन द्रोणाचार्यांना दोन्ही फौजांतले मातब्बर लोक मोजून दाखवतो, लांबून घेतलेला रुंद शॉट. मग ध्वनी: भीष्मांचा शंख, मग सगळ्यांचे शंख, नौबती. ज्ञानेश्वरांनी तर या आवाजावर इतक्या ओव्या खर्च केल्यात की सगळं विश्व हादरल्याचा भास होतो. आणि मग कॅमेरा हलतो. अर्जुन म्हणतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध ने, मला बघू दे कोण कोण लढायला आलंय. मधोमध. आपल्या बाजूने समोर बघितलं तर शत्रू दिसतो. मधोमध उभं राहिलं की आजे, काका, मामा, गुरू, भाऊ, नातू दिसतात, आणि दोन्हीकडे दिसतात. तिथून पुढे फक्त चेहरे, आणि मग अर्जुनाच्या हातातून गळणारं धनुष्य. ज्ञानेश्वर इथे भुंग्याचा दाखला देतात, कसलंही लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो. ड्रिलिंग मशीनवर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला हा दाखला फार आवडतो.

लेक हुशार आहे. म्हणाली, “पप्पा, चेहरे बघूनसुद्धा तो लढलाच ना? मग मधोमध कॅमेरा ठेवून काय मिळालं?”

बरोबर आहे. आणि चेहरा दाखवणं हल्ली फार स्वस्त झालंय. शत्रूच्या सैनिकाच्या खिशात बायकोचा फोटो सापडला की दिग्दर्शकाचं काम झालं. भीष्मपर्वात याहून कठोर गोष्ट आहे. गीता आपण वेगळी काढून वाचतो म्हणून ती निसटते. संजय रणांगणावरून धावत हस्तिनापुरात येतो आणि आल्या आल्या सांगतो, भीष्म पडले. तो दहावा दिवस आहे. धृतराष्ट्र कोसळतो, विलाप करतो, आणि मग म्हणतो, सगळं पहिल्यापासून सांग. त्यानंतर पहिल्या दिवसाची सकाळ येते, शंख येतात, गीता येते. म्हणजे अर्जुन ज्या आजोबांवर बाण कसा सोडू म्हणून रडतोय, ते शरशय्येवर आहेत हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत आहे. गीता फ्लॅशबॅकमध्ये घडते. स्पीलबर्गही दफनभूमीतल्या म्हाताऱ्यापासून सुरू करतो, पण तो म्हातारा कोण हे झाकून ठेवतो आणि तुमची उत्सुकता जागी ठेवतो. व्यास उत्सुकता पहिल्याच वाक्यात मारून टाकतात. ‘पुढे काय’ संपलं. आता उरतं ते ‘असं का झालं’. आणि संजय हे ज्याला सांगतोय त्याला मधूनमधून सुनावतोही, की राजा, हे तुझ्यामुळे झालं.

म्हणून मी पोरांना सुचवलं की पहिल्याच क्षणी बुरुज उडवा, तोही काळ्या पडद्यावर, नुसत्या आवाजाने. मग तारीख, १४ ऑगस्ट १६६०. मग २६८ आणि ६००. आणि मग मागे जा, पावसात, किल्ल्याच्या आत. तिथे काय दाखवायचं यासाठी मी हेरोडोटसची एक गोष्ट दिली. बार्का नावाच्या गावाला पर्शियन फौजेचा वेढा पडला, बाहेरून भुयारं खणली जात होती. गावातल्या एका धातूकाम करणाऱ्या कारागिराने कांशाची ढाल घेतली आणि तटाच्या आतून जमिनीला टेकवत फेरी मारली. खाली खणती चालू होती तिथेच ढाल वाजली. आमच्या जातकुळीचा माणूस. चाकणच्या किल्ल्यात असा एक तांबट परात घेऊन फिरतोय, अशी कल्पना करा. पावसाचे थेंब परातीवर पडतायत आणि त्यातून खालचा घाव ओळखायचाय. आणि अधूनमधून भुयारात जा. तिथे कंदिलाच्या उजेडात खणणारा जो आहे तोही मजूरच आहे, त्यालाही त्या २६८ जणांत धरलं गेलं का, कुणास ठाऊक.

लेकीने यावर हिचकॉक काढला. म्हणाली, “टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं की धाकधूक वाढते, कमी नाही होत. तुम्ही उत्सुकता मारत नाही आहात, दुप्पट करताय.”

यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. हिचकॉकचा बॉम्ब अजून फुटायचा असतो. तो फुटेल की नाही यात आपण अडकतो. इथे तो फुटून गेलाय आणि मेलेल्यांची मोजदादही झालीय. तरी तांबट परात टेकवेल तेव्हा माझाही श्वास अडकेल, हे मी नाकारत नाही. सिनेमा ‘पुढे काय’वर जगतो आणि व्यासांनाही तो पूर्ण मारता आलेला नाही, तसं असतं तर पोथी कुणी ऐकलीच नसती.

मग तिने मला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. “संजयाने एवढं सगळं सांगून झालं काय? युद्ध झालंच की पूर्ण.”

इथे मला ते पाप दिसतं. युद्ध अठरा दिवसांचं. संजय आला तेव्हा दहावा दिवस होता. आठ दिवस शिल्लक होते. अभिमन्यू जिवंत होता, तो तेराव्या दिवशी गेला. घटोत्कच, द्रोण, कर्ण, दुर्योधन, सगळे जिवंत होते. सिंहासनावर अजून धृतराष्ट्रच होता. थांबवा असा निरोप पाठवायला एक घोडेस्वार पुरला असता. ऐकलं असतं की नसतं ही वेगळी गोष्ट. दुर्योधनाने बापाचं कधी ऐकलं होतं म्हणा. पण पाठवून बघण्याइतका वेळ हातात होता. धृतराष्ट्राने तो ऐकण्यात घालवला. रडत, बेशुद्ध पडत, शुद्धीवर येत प्रत्येक वेळी त्याने विचारलं, संजया, मग काय झालं? जे होऊन गेलंय त्याबद्दल हा प्रश्न विचारायला हरकत नाही. जे अजून थांबवता येण्यासारखं आहे, त्याबद्दल तो विचारून गप्प ऐकत बसणं, याला मी पाप म्हणतो. दुर्योधन मेला तशी संजयाची दिव्यदृष्टीही गेली. सांगण्यासारखं, आणि थांबवण्यासारखं, काही उरलं नव्हतं.

देहूरोडला डेपोंच्या शेजारी एक बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ला बसवलेली. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत मी तिच्यासमोरून असंख्य वेळा गेलो. ड्रॉइंगवरचा तो भाग क्रमांक कशाचा, हे विचारायला मलाही आठ दिवसांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ मिळाला होता. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती टिपणवहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं हेच लिहितेय. ती बुरुजाच्या आवाजाची लांबी लिहीत होती, अकरा सेकंद.

आवाजासाठी त्यांना पॉवर प्रेसचा ठोका हवा आहे, पण कंपनीत रेकॉर्डिंगला परवानगी नाही. परात घरचीच आहे. तांबटाचं काम शेजारचे काका करणार आहेत, त्यांनी दाढी वाढवायला घेतलीय. फक्त कॅमेरावाल्या पोराला बुरुज उडताना डोळ्यांसमोर दाखवायचाच आहे, आणि स्लो मोशनमध्ये. त्याचं म्हणणं, काळ्या पडद्यावर अकरा सेकंद कोण बसून राहतं. गटात दोन मतं इकडे, दोन तिकडे.