परग्रहावरचे आदिवासी आणि सुरगाण्याचे

१९१० साली मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहताना त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्या मनाने एकच ध्यास घेतला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसणार? त्या ध्यासातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि पुढे नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. या ध्यासाला आपण भक्ती म्हणतो, देशप्रेम म्हणतो. मला त्यात एक नैतिक मागणीही दिसते. ज्यांच्यावर परक्यांचे राज्य असते त्यांचे चित्रही परकेच काढतात, आणि ते चित्र आता आम्ही काढू, असे फाळके सांगत होते. ही मागणी आपण पुढे कुणापर्यंत पोहोचू दिली आणि कुणापाशी अडवली, हे आज तपासावेसे वाटते.

२००९ च्या डिसेंबरात जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ आला. पँडोरा नावाच्या चंद्रावर घनदाट जंगल, जमिनीखाली मौल्यवान खनिज, आणि त्या जंगलात राहणारे निळे, उंच, शेपटीचे नावी लोक. पृथ्वीवरची एक कंपनी खनिजासाठी त्यांचा राहता महावृक्ष जमीनदोस्त करते. तो प्रसंग पाहताना गलबललो नाही असे म्हणणारा प्रेक्षक विरळाच. चित्रपट वसाहतवादाच्या विरोधात उभा आहे आणि दिग्दर्शकाचा हेतू मला प्रामाणिक वाटतो. तरीही मन एका जागी अडते. नावींच्या बाजूने लढायला येतो तो जेक सली, पृथ्वीवरून आलेला गोरा सैनिक. काही महिन्यांत तो त्यांची भाषा शिकतो, त्यांची शिकार शिकतो, त्यांच्या साऱ्या इतिहासात मोजक्यांनाच वश झालेल्या महापक्ष्यावर स्वार होतो आणि त्यांचा नेता बनतो. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या ते जंगल राखत आले, त्यांना ते वाचवायचे कसे हे बाहेरच्याने येऊन सांगावे लागते. प्रमुख नावी पात्रे साकारणारे बहुतेक कलाकार कृष्णवर्णीय किंवा अमेरिकेतले मूळनिवासी आहेत, हेही लक्षात घ्यावे. चित्रपट नावींना सौंदर्य देतो, दुःख देतो, आपली सहानुभूतीही मिळवून देतो. निर्णयाचा अधिकार तेवढा नायकाकडे जातो.

विज्ञानकथेच्या या प्रवाहाला वसाहतवादाची जाण पहिल्यापासून होती. एच. जी. वेल्स यांनी १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या सुरुवातीलाच टास्मानियातल्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून दिली होती. आपण त्यांच्याशी जे केले तेच मंगळवासी आपल्याशी करत असतील तर तक्रार कशी करणार, हा त्यांचा सवाल होता. मोठ्या पैशाच्या चित्रपटांनी त्यातली भीती उचलली आणि सवाल मागे ठेवला. ‘इंडिपेन्डन्स डे’मध्ये (१९९६) सगळ्या जगाची सुटका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी होते. ‘स्टार वॉर्स’च्या १९९९ च्या भागातल्या जार जार बिंक्सच्या बोलीत कॅरिबियन माणसांची थट्टा दिसते, अशी टीका तेव्हाच झाली. ‘स्टार ट्रेक’मधला खान नूनियन सिंग उत्तर भारतातला, बहुधा शीख, म्हणून १९६७ मध्ये लिहिला गेला, त्याला आधी मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने उभे केले आणि २०१३ मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच या ब्रिटिश नटाने.

ही उदाहरणे वाचून आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. तोच राग घरच्या पडद्याकडे वळला पाहिजे. ‘बाहुबली’चा पहिला भाग २०१५ मध्ये आला. त्यातले कालकेय आठवा. काळाकुट्ट रंग, विद्रूप चेहरे, मुद्दाम घडवलेली कर्कश भाषा, कपटी आणि क्रूर अशी अख्खी जमात. ती संपवणे हाच नायकाचा पराक्रम. तो विज्ञानपट नव्हे, पण ज्या रंगाने परग्रहावरचा शत्रू रंगवतात तोच रंग इथे वापरला आहे. त्याआधीच्या कित्येक हिंदी चित्रपटांत आदिवासी म्हणजे डोक्याला पिसे, कमरेला पाने, हातात भाला आणि तोंडी ‘झिंगालाला’. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या किंवा पेठच्या आश्रमशाळेतली मुलगी हे मोबाइलवर पाहते तेव्हा तिला आपली आजी, आपले गाव, आपली बोली त्यात कुठे सापडावी?

खरे तर तिच्या गावाला भव्य देखाव्याचे वावडे नाही. त्र्यंबक, पेठ, हरसूल या पट्ट्यात आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर, रात्र रात्र सोंगे नाचतात. कोकणा लोकांचा डोंगऱ्या देवाचा उत्सव आहे, पावरीचे सूर आहेत, कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कहाणी आहे. या कथांमध्ये सृष्टीची उत्पत्ती आहे, दुष्काळ आहे, माणूस आणि जंगल यांच्यातला करार आहे. एवढी समृद्ध कल्पनासृष्टी शहरापासून दोन-तीन तासांवर असताना आपण तिच्या जागी पिसे आणि भाले पाहत आलो.

पँडोरावर कंपनी यानातून उतरते. आपल्याकडे ती कायद्याच्या कागदावरून आली. १८७८ च्या जंगल कायद्याने इंग्रज सरकारने राने आपल्या ताब्यात घेतली आणि पिढीजात राहणारे लोक आपल्याच भूमीवर अतिक्रमणदार ठरले. त्याच्याही आधी, १८४८ मध्ये, सावकार आणि सरकार दोघांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली होती. इंग्रज गेले, पण वहिवाट राहिली. हे माझे मत आहे असे समजू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच लिहिले आहे की या लोकांवर वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही ऐतिहासिक अन्याय झाला. आपल्या संसदेने दिलेली ही कबुली फार मोलाची आहे, आणि नाशिक जिल्ह्यात, जिथे लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा अनुसूचित जमातींचा आहे, ती प्रत्येक शाळेत वाचली जायला हवी.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. त्यात सुरगाणा, दिंडोरी, पेठ, कळवणचे आदिवासी हजारोंनी होते. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, नार-पार आणि दमणगंगेच्या नदीजोड प्रकल्पांत आपली गावे बुडू नयेत, ही त्यांची मागणी. कसारा घाट उतरून, सुमारे १८० किलोमीटर चालून ते मुंबईत पोहोचले. कित्येकांच्या पायांची सालटी निघाली होती. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा शीवहून आझाद मैदानापर्यंत रात्रीच पार केला. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासने दिली. त्यांच्यापुढे कुणी जेक सली नव्हता. दुसऱ्याच्या मुलांची परीक्षा जपण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आणि कोणत्याही विज्ञानपटातल्या युद्धाहून मला तो थोर वाटतो. आश्वासने अपुरी राहिली म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा चालावे लागले, हेही नोंदवले पाहिजे.

ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांना ‘अवतार’नंतर ‘खरे नावी’ म्हटले गेले, त्यांच्या बाजूने कॅमेरॉन यांना जाहीर आवाहनही झाले. डोंगर वाचला तो मात्र २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून भरलेल्या बारा ग्रामसभांनी एकमुखाने बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला तेव्हा. शहाद्याकडच्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत हीच वेदना मांडली आहे: आमचे दुःख इतरांनी व्यासपीठावरून सांगायचे आणि आम्ही समोर बसून ऐकायचे. माझ्या मते सिनेमाच्या पडद्यालाही ही कविता जशीच्या तशी लागू पडते.

२०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. विज्ञानकथेत आपण परक्यांची नक्कल करायची गरज नाही, हे त्यांनी लिहूनच दाखवले. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत त्यांनी मराठे जिंकलेला, कंपनी सरकार देशभर पसरू न शकलेला हिंदुस्थान उभा केला. वसाहतीत वाढलेल्या समाजाने आपला भूतकाळ नव्याने कल्पून पाहण्याचा तो अधिकार होता. मग सुरगाण्याच्या मुलीलाही आपले भविष्य कल्पून पाहण्याचा तितकाच अधिकार आहे.

म्हणून माझी नाशिककरांना विनंती आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. तिथे, किंवा शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात, आदिवासी तालुक्यांतल्या तरुण-तरुणींना कॅमेरा, ध्वनी आणि संकलन शिकवणारा विनाशुल्क वर्ग सुरू करा. ज्यांना जमेल त्यांनी शिकवायला या, ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांनी ती द्या. कथा कोणती सांगायची हे मात्र त्यांना ठरवू द्या.