कोय आणि कलम

आंबा खाऊन झाला की कोय परसात पुरायची, ही आपली जुनी सवय. आळंदीच्या वाटेवरच्या आमच्या दिघीतही अशी झाडे दारोदार दिसतात. पण हापूसच्या कोयीतून हापूसच येईल असे नाही. मोहोरावर पराग कुठल्या झाडाचा आला, हे माशीलाच ठाऊक! कलम चार-पाच वर्षांत ओळखीचे फळ देते. कोयीची वाट सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक पाहावी लागते, आणि फळ गोड निघेल की आंबट, हे तेव्हा कळते. मग शहाण्या माणसाने कोय लावावीच का?

मी शिक्षक आहे. हा प्रश्न मला वर्गातही भेटतो. पालक मूल आणून सोडतात ते कलमाच्या अपेक्षेने. खात्रीची ही ओढ वाईट नव्हे. बागाईतदाराचे पोट तिच्यावरच चालते. पण कलम बांधतात तेच मुळी रायवळ कोयीच्या रोपावर. आणि ज्या हापूसची डहाळी आपण त्यावर बांधतो, तोही मुळात कोणा एका अनोळखी कोयीतूनच उगवलेला. त्या झाडाला कोणी आधी गोडीची अट घातली असती, तर आज हापूस कुठला?

म्हणून मला वाटते, पाणी घालणे आणि गुरांपासून राखणे एवढेच आपले काम. चव झाडाने ठरवावी.