क्योटोतला एक दिवस

मित्रमंडळी जपानला निघाली की क्योटोच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो, आणि त्यात पाच-सहा ठिकाणं उरकायचा बेत ठरतो. मला वाटतं, दोनच पाहावीत. फुशिमी इनारी देवस्थानाच्या हजारो शेंदरी कमानींखालून चढताना खांब कोरे दिसतात. मागे वळलं तरच त्यांवर कोरलेली दात्यांची नावं आणि तारखा दिसतात. घाईत वळायला फुरसत कुठली? कियोमिझु मंदिराचा १६३३ सालचा उंच सज्जा लाकडात लाकूड गुंफून उभा आहे. ती जोडणी कळायची तर खाली उतरून खांबांपाशी थांबावंच लागतं.

कुणी म्हणेल, एवढा खर्च करून जायचं, पुन्हा जाणं होईल न होईल, मग सोडायचं कशाला? खर्चाचं म्हणणं खरंच आहे. पण जास्त ठिकाणं धरली की दिवस बसच्या रांगेत जातो. गर्दी इतकी वाढली, की शहराने २०२३ मध्ये बसचा एक दिवसाचा पास विकणंच थांबवलं. २०२४ मध्ये गिओन या वस्तीतल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. तिथे माणसं राहतात, हे आपणही लक्षात घ्यायला हवं. आणि एकाला देऊळ, दुसऱ्याला बाजार हवा असेल, तर दुपारी खुशाल वेगळं व्हावं, संध्याकाळी कामो नदीकाठी भेटून पाहिलेलं एकमेकांना सांगावं.