शत्रूच्या महालातून

ग्रीकांची शत्रूविषयीची रोजची नीती सरळ होती: मित्राचे भले करावे, शत्रूचे वाटोळे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये पोलेमार्कस न्यायाची व्याख्याच अशी करतो. न्यायी माणूस कोणाचेच वाईट करीत नाही, हे त्याच्या गळी उतरवायला सॉक्रेटिसला बरीच खटपट करावी लागते. मला मात्र त्या वादापेक्षा इस्किलसचे ‘पर्शियन्स’ हे नाटक मोलाचे वाटते. सलामिसच्या आरमारी लढाईनंतर अवघ्या आठ वर्षांनी, इ.स.पू. ४७२ मध्ये, ते अथेन्समध्ये झाले. इराण्यांनी हेच शहर जाळले होते. इस्किलस स्वतः मॅरेथॉनला लढला होता आणि त्याचा भाऊ तिथेच पडला होता. तरी नाटक घडते ते शत्रूच्या राजधानीत, सूसाला. इराणचा राजा झर्क्सीस याची आई, राजमाता, काळजीत आहे. जासूद येतो आणि पडलेल्या इराणी सरदारांची नावे एकामागून एक सांगत सुटतो. जिंकलेल्या ग्रीकांपैकी एकाही वीराचे नाव मात्र नाटकात येत नाही. या नाटकाला अथेन्सने पहिले बक्षीस दिले.

रायपुरात राहणाऱ्या मराठी माणसाने हे मुद्दाम लक्षात घ्यावे, कारण इथल्या इतिहासात जिंकणारे आपण आहोत. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले. त्या वेळी हैहयवंशी राजा रघुनाथसिंह एकुलता मुलगा गेल्याच्या दुःखात कारभार सोडून बसला होता. तोफांनी वाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखवले. शहरावर लाखाचा दंड बसला. इंग्रजी गॅझेटियरात ही बाई नुसती ‘राण्यांपैकी एक’ आहे. त्याच घराण्याच्या रायपूर शाखेतील अमरसिंहांचे राज्य १७५० मध्ये गेले ते गाजावाजा न होता. रायपूर, राजिम आणि पाटण त्यांच्याकडे राहिले, पण वर्षाला सात हजार रुपये भरण्याच्या बोलीवर. पुढे त्यांच्या मुलाच्या वाट्याला पाच गावे आणि रायपूर मुलखात दर गावामागे एक रुपया एवढेच उरले. घराणे बुडवायला रक्तच सांडावे लागते असे नाही. हिशेबाची वहीही पुरते.

यावर कोणी रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांच्याकडे बोट दाखवील. ते रतनपुरातच राहिले, रामटेकरीवर त्यांनी राममंदिर बांधले, दसऱ्याला सोने वाटण्याची चालही इथे त्यांचीच मानतात. हे सारे खरे, पण ती स्थिरावलेल्या जेत्याची कहाणी झाली. तटावरच्या राणीची नव्हे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. रडणारा, फाटक्या वस्त्रांतला झर्क्सीस पाहून अथेनियन सुखावलेच नसतील कशावरून? आणि ते नाटक पाहिलेल्या शहराने पुढे मेलोस बेट जिंकून तिथले पुरुष मारले, बायकामुले गुलाम केली, मग उपयोग काय? नाटक जेत्याचा हात थांबवत नाही, हे कबूल करावे लागते. तरी मेलोसनंतर लगेच, इ.स.पू. ४१५ मध्ये, नाटककार युरिपिडीसने ट्रॉयच्या लुटलेल्या बायका त्याच नागरिकांपुढे उभ्या केल्या. ‘आम्हाला कळलेच नाही’ म्हणण्याची सोय अथेन्सला उरली नाही. आपल्या ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांनी ही सोय आपल्याला सढळ हाताने दिली आहे. रतनपूरचा वेढा वाड्याच्या आतून दाखवणारे नाटक मराठीत लिहावे, आणि त्याचा पहिला प्रयोग रायपूरच्या मराठी प्रेक्षकांपुढे करावा.