वत्सराजाचे इमान



दोन भावांचे बिनसले की खरी कसोटी लागते ती तिसऱ्याची. थोरल्याचे अन्न त्याने खाल्लेले असते आणि धाकट्याचे लेकरू त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेले असते. दोघेही त्याला विचारतात, ‘तू कोणाच्या बाजूचा?’ त्याने काय उत्तर द्यावे? याचा विचार एका राजघराण्याच्या आख्यायिकेच्या आधाराने करू.

आपल्यापैकी जे भोपाळच्या बाग सेवनियात वा आसपास राहतात, त्यांना भोजपूर परके नाही. बेतवेकाठचे ते अपुरे राहिलेले शिवमंदिर भोजराजाच्या नावाने ओळखले जाते. या परमार भोजाने अकराव्या शतकात माळव्यावर राज्य केले. मुंज हा त्याचा चुलता आणि सिंधुराज हा पिता. चौदाव्या शतकाच्या आरंभी मेरुतुंगाने ‘प्रबंधचिंतामणी’त लिहिले, की मुंजाने आपल्या भावाला आंधळे करून कोंडले. पण सिंधुराजाच्याच दरबारातील पद्मगुप्त कवी सांगतो, की मुंजाने जाताना राज्य भावाच्या हाती सोपवले. आणि इतिहासातही मुंजामागून सिंधुराजच गादीवर आला. भावांचे वैर सांगणाऱ्यांच्या तोंडीही वाढत जाते, हे येथेच ध्यानात घ्यावे.

सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त कथा वेगळी आहे. तेथे भाऊ मरताना पाच वर्षांचा भोज आणि राज्य, दोन्ही मुंजाच्या स्वाधीन करतो. पुढे हा मुलगा मोठा राजा होणार असे भविष्य मुंजाच्या कानी येते आणि तो मांडलिक वत्सराजाला आज्ञा करतो, की भोजाला रानात नेऊन मारावे.

वत्सराज मुंजाचा अंकित होता. त्याने मुलाला रानात नेले. पण हात उचलला नाही. भोजाला आपल्या घरी लपवले, कारागिरांकडून हुबेहूब मस्तक करवून ते राजापुढे ठेवले आणि भोजाने लिहिलेला श्लोकही हाती दिला. थोर थोर राजे गेले, पण ही भूमी कोणाबरोबर गेली नाही, असा त्याचा आशय. तो वाचून मुंज अग्निप्रवेशास निघाला. तेव्हा वत्सराजाने प्रधानाला खरे सांगितले. भोज जिवंत समोर आला आणि मुंज त्याला गादी देऊन तपोवनात गेला.

आता विचार करा, वत्सराज बेइमान झाला का? आज्ञा तर मोडली, शिवाय खोटेही बोलला. पण आज्ञा पाळली असती तर मुंज पुतण्याचा मारेकरी ठरला असता. वत्सराजाने मुलाला वाचवले, तसेच मुंजालाही वाचवले. त्याने इमान राखले ते धन्याशी, धन्याच्या क्रोधाशी नव्हे.

बिज्जळाच्या भांडाराचा कारभार बसवण्णांनी चोख पाहिला, पण हरळय्या आणि मधुवरसांना राजाने देहदंड दिला तेव्हा त्यांनी त्याला मान तुकवली नाही. कल्याण सोडले, असे परंपरा सांगते. राजसेवेलाही एक मर्यादा असते.

मग खोट्याचे काय? त्याला एक कसोटी आहे. वत्सराजाने खोटे बोलून स्वतःसाठी काही मिळवले नाही. उघडे पडले असते तर त्याचेच मस्तक गेले असते. वेळ येताच ते खोटे त्याने स्वतः उघड केले. आपल्या लाभासाठी दोन्हीकडे गोड बोलणारा मात्र कधीच उघड करीत नाही, कारण भांडण मिटले की त्याची गरजच संपते.

वाचकहो, शेतीच्या वाटणीवरून, घराच्या भिंतीवरून आपल्याही घरांत चुलते-पुतणे समोरासमोर उभे राहतात. अशा वेळी संतापात निघालेला एखादा शब्द पलीकडे पोचवायला कोणी सांगितले, तर तो आपल्याजवळच ठेवा. त्यापायी दोघांचा राग तुमच्यावर आला तर सोसा. पण राग ओसरून कोणी पश्चात्तापाने विचारू लागला, तर त्या वेळी काही लपवू नका.

शरणु शरणार्थी.